बोअरच्या पाण्याचा फेस

मास्कमधून शिट्टी वाजत होती.

बारीक, सतत. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी वाफ फसफसते ना, तशी. आण्णांच्या गालापाशी, दाढीतून. मी तळहातानं मास्क दाबून धरला की आवाज बंद व्हायचा आणि मशीनवरचा ऑक्सिजनचा आकडा जरा वर सरकायचा. हात भरून आला, ढिला पडला, की परत शिट्टी. परत आकडा खाली.

"असं किती वेळ धरून बसणार?" डॉक्टर पाटणे मॅडम म्हणाल्या.

"धरतो की. मला काय काम आहे?"

"तसं होत नाही हो." त्यांनी माझा हात बाजूला केला आणि दाढीत बोट घालून दाखवलं. "श्वास आत जातोय, पण घाण हवा बाहेर पडत नाहीये. मशीन जोरानं हवा ढकलतंय आणि ती इथनं पळून जातेय. ही दाढी काढा. एकदम गुळगुळीत. आमचं केस कापायचं मशीन आहे, पण त्यानं खुंट राहतात. मला खुंटसुद्धा नकोय."

"नाही काढली तर?"

"तर घशात नळी घालून मोठ्या मशीनवर घ्यावं लागेल. ते आमच्याकडं एकच आहे आणि त्यावर पेशंट आहे. म्हणजे सोलापूर." मग आण्णांकडं बघून आवाज खाली आणला. "आणि या अवस्थेत रस्त्यात काही झालं तर मी शब्द देऊ शकत नाही. दुपारपर्यंत थांबते. पुढं नाही."

बार्शीतला दवाखाना. आम्ही वैरागजवळचे. आण्णा म्हणजे माझे वडील, रावसाहेब ढवण. साखर कारखान्यात फिटर होते, रिटायर झालेले. उसाच्या भुशाची धूळ आणि विड्या, दोन्हींनी मिळून छाती खाल्ली होती. आणि छातीवर ही दाढी. पांढरी, दाट, पार दुसऱ्या बटणापर्यंत.

"नवस-बिवस आहे का काही?" मॅडमनी विचारलं.

"नाही."

"मग अडचण काय आहे?"

मी आईकडं बघितलं. आई तोंडाला पदर लावून फरशीकडं बघत बसली होती.

"काही नाही," मी म्हणालो. "काढतो."

आण्णांचे डोळे मिटलेले होते. झोपलेत असं वाटत होतं. पण त्यांनी हात उचलला, मास्क ओढून खाली घेतला, आणि एकेका शब्दाला श्वास घेत बोलले.

"ह्याचा... हात... नको."

"कुणाचा हात नको, बाबा?" तबस्सुम सिस्टरनी विचारलं. पटकन मास्क परत बसवायला गेल्या.

"ह्याचा." बोट माझ्याकडं. "दुसरा... कुणीबी... आण."

सिस्टर माझ्याकडं बघायला लागल्या. मी चपला घातल्या आणि निघालो.

पळतच गेलो. स्टँडसमोर बघितलं. बाजारपेठेत बघितलं. शटर. शटर. शटर. एकावर मोबाईल नंबर होता, लावला. तो सासुरवाडीला होता. दुसऱ्याचा लावला. तो म्हणाला, "सोमवारी कुठं फोन करता राव? तुळजापूरला आलोय सहकुटुंब." मी म्हणालो, "अहो, बाप मरायला टेकलाय माझा." तो म्हणाला, "उद्या सकाळी सात वाजता येतो बघा, नक्की." मी फोन ठेवला.

सोमवार. आमच्याकडं सोमवारी न्हाव्याचं दुकान बंद म्हणजे बंद. हे मला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती.

माझंपण बंद होतं.

हो. वैरागात माझं सलून आहे. बारावीत गचकलो, वर्षभर इकडंतिकडं फिरलो, आणि मोबाईलवर व्हिडिओ बघून बघून शिकलो. पहिल्यांदा मित्रांची डोकी बिघडवली. मग सुधारलो. मग गाळा घेतला. खुर्च्या, आरसे, लाईट, सगळं चकाचक.

आण्णांना हे सांगितलं त्या दिवशी ते जेवत होते. घास हातातच राहिला.

"फिटरचं पोरगं लोकांची तोंडं घासणार?"

"त्यात काय वाईट आहे, आण्णा?"

"आपल्यात कुणी केलंय का हे काम?"

"तुमच्या आधी आपल्यात फिटर तरी कोण होतं?"

ताटावरनं उठले. आण्णा रोज सकाळी दाढी करायचे. अंगणातल्या खांबाला आरसा टांगून, दात घासले की दाढी. माझ्या आठवणीत त्यांच्या गालाला कधी खुंट नव्हता. दुकानाचं उद्घाटन झालं त्या सकाळी त्यांनी आरसा काढून माळ्यावर टाकला. आईसमोर म्हणाले, "ह्याच्या हातात वस्तरा हाय तवर माझ्या तोंडाला पातं लागणार न्हाई."

लोकांना वाटायचं देवाचं काहीतरी असेल. पारावर कुणी विचारलं तर म्हणायचे, "असंच." घरात फक्त आम्हा तिघांना माहीत. मी रोज दुकानात गावाच्या दाढ्या करायचो आणि घरी आलो की समोर ती दाढी. जेवताना समोर. टीव्ही बघताना समोर. वाढतच चाललेली. आणि आता तीच त्यांचा जीव घेत होती, आणि तरी म्हणत होते, ह्याचा हात नको.

नवनाथमामाला फोन केला. म्हटलं, मामा, कुठनंही एक माणूस पकडून आण. तो म्हणाला, "गावात जाऊन बघतो रे, पण आज सोमवार..." म्हटलं, माहितीय मला सोमवार.

तेवढ्यात आईचा फोन.

"औद्या, ये लवकर. ते जागंच होईनात. हलवलं की डोळं उघडतेत आन् परत मिटतेत."

बाजारात परत जायला वेळ नव्हता. माझं सगळं सामान वैरागला, दुकानात. तसं माझ्या दुकानातला फेसाचा डबा चाललाही नसता. सिस्टरनी निघताना बजावलं होतं, स्प्रेचं काहीही आत आणायचं नाही, ऑक्सिजन चालू आहे. दवाखान्यासमोर एक टपरी होती. टूथब्रश, प्लास्टिकचे मग, पेशंटला लागतं तसलं.

"दाढीची क्रीम आहे?"

"क्रीम न्हाई. साबण हाय. गोल."

कागदात गुंडाळलेली हिरवट वडी. सगळ्यात स्वस्तातली. आणि एक ब्रश, केस नायलॉनचे. रेझर, पात्यांचं पाकीट. घेतलं आणि पळालो.

आत गेलो तर पाटणे मॅडम फोन कानाला लावून उभ्या होत्या. "ॲम्ब्युलन्स विचारतेय," म्हणाल्या. "मिळाला का कुणी?"

"नाही."

"मग?"

"मी करतो. मी तेच काम करतो, मॅडम. माझं दुकान आहे."

त्यांनी फोन कानापासून खाली घेतला. "मग सकाळपासून काय करत होतात तुम्ही?"

मी पात्यांचं पाकीट फोडायला लागलो.

"ऐका," त्या म्हणाल्या. "रक्त पातळ करायचं इंजेक्शन चालू आहे त्यांना. कापलं तर लवकर थांबणार नाही. जबरदस्ती करायची नाही. हात धरून, डोकं दाबून अजिबात नाही. ते झटापट करायला लागले तर मी तिथंच थांबवणार. आणि मास्क काढला की नाकाला साधी नळी लावू, पण त्यावर जास्त वेळ निघणार नाही. थोडं करायचं, मास्क लावायचा. परत थोडं."

"हो."

"ॲम्ब्युलन्स यायला अर्धा तास लागेल. तोवर बघा."

आईच्या डब्यातली स्टीलची वाटी घेतली. बेसिनला गेलो, नळाचं पाणी घेतलं. आण्णांच्या पलंगाशी स्टूल ओढून बसलो. त्यांना विचारलं नाही काही. विचारलं असतं तर नाही म्हणाले असते. म्हटलं, आधी फेस तरी करू.

आता खरं सांगतो. मला साबणाचा फेस करता येत नव्हता.

हसू नका. मी शिकलो तेव्हापासून डबा. बटण दाबलं की फेस. वडीवर ब्रश फिरवायचा असतो एवढं माहीत होतं. वाटीत वडी टाकली, वर पाणी ओतलं, ब्रश बुडवला आणि घुसळायला लागलो. बुडबुडे आले. मोठेमोठे, धुणं भिजत घातल्यावर येतात तसले. ब्रश उचलेपर्यंत फुटून गेले. खाली नुसतं दुधट पाणी. अजून साबण घासला. अजून पाणी. अजून जोरात. पाणी कडेनं फाटल्यासारखं झालं, पांढरे कण तरंगायला लागले. वाटीच्या कडेला चिकट मळी.

"जमतंय का?" सिस्टर.

"जमतंय."

कसलं जमतंय! तसलं पाणी लावून त्या दाढीला पातं लावलं असतं तर केस ओढले गेले असते, कातडी सोलली असती. आण्णांची कातडी म्हणजे कागद झाली होती. घाम डोळ्यात. आई मागनं हळूच म्हणाली, "आरं, तुझं दुकान हाय ना?" त्या क्षणी मला वाटलं, वाटी भिंतीवर फेकावी आणि बाहेर जाऊन रडावं.

ती ओतून दिली. परत नळाचं पाणी. परत घुसळायला लागलो. परत तेच.

"ह्यॅ."

वर बघितलं. मास्कच्या वर आण्णांचे डोळे अर्धे उघडे होते. माझ्याकडं नाही, वाटीकडं बघत होते. कारखान्यात कुणी चुकीचा पाना लावला की बघायचे, तसे.

त्यांनी मास्क जरासा उचलला.

"पाणी... कसलं?"

"नळाचं, आण्णा."

"बोअर." एक श्वास. "फुटणारच." अजून एक श्वास. "बॉयलरला... चालत न्हाई... असलं. साबणाला... चालंल व्हय?"

सिस्टर पुढं आल्या. "बाबा, बोलू नका."

पण आण्णांचं लक्षच नव्हतं. बोटानं थर्मास दाखवला. त्यात आईनं त्यांना प्यायला फिल्टरचं गरम पाणी ठेवलं होतं. आईनं झाकण फिरवून वाटीत ओतलं.

"नको." बोट हललं. "वत. सगळं वत."

"सगळं ओतून देऊ?"

"वडी... भिजव. वत. ब्रश... भिजव. झटक."

मी वडीवर गरम पाणी घातलं, जरा ठेवलं, ओतून दिलं. ब्रश भिजवला, झटकला.

"आजून झटक."

झटकला.

"घास. दाबू नको."

घासायला लागलो. काहीच होईना. कोरडा ब्रश कोरड्या वडीवर फिरवल्यासारखं वाटत होतं. पाण्याकडं हात गेला की आण्णा डोळे मोठे करायचे. नको. नुसता फिरव. फिरवत राहिलो. सिस्टर आकड्याकडं बघत होत्या, आणि आण्णा माझ्या मनगटाकडं. आणि मग ब्रशच्या केसांना काहीतरी लागायला लागलं. चिकट, पिवळसर, पिठाच्या खळीसारखं.

"आता... थेंब."

थर्मासच्या झाकणातनं बोटानं एक थेंब टाकला.

"फिरव."

फिरवला. परत थेंब. माझा वेग वाढला तसा त्यांनी हात पुढं केला. नखं काळी, अंगठ्याचं नख कधीतरी पान्याखाली चेपलेलं. त्यांनी ब्रश माझ्या हातातनं काढून घेतला.

"आण्णा, राहू द्या, दमाल."

ऐकतायत कुठं? मी वाटी धरली आणि ते फिरवायला लागले. हळू. हात कापत होता, पण ब्रश कापत नव्हता, गोल जात होता. वाटीच्या तळाशी पांढरं घट्ट काहीतरी धरायला लागलं. बुडबुडे नाहीत. दुधावर साय येते तसं. ब्रश उचलला की फेसाचा शेंडा उभा राहायचा आणि तसाच राहायचा.

"बघ," म्हणाले.

आणि हात पडला. ब्रश चादरीवर. ओठ निळसर झाले होते. सिस्टरनी मास्क दाबून धरला, मला ओरडल्या, "बास झालं आता!" मॅडम दारातनं आत आल्या. शिट्टी वाजत होतीच. आईनं आण्णांचे पाय धरले होते, का धरले होते देव जाणे.

मी आण्णांच्या कानाशी वाकलो.

"आण्णा, तुम्ही नाही म्हणालात तर मी पातं लावणार नाही. हललात तर कापेल. रक्त थांबायचं नाही. तुम्ही सांगा. मान हलवा. कायतरी करा."

मान हलली नाही. हो नाही, नाही पण नाही. मॅडम म्हणाल्या, "ॲम्ब्युलन्स पोचेल आता."

मग त्यांचा हात चाचपडत आला. मला वाटलं, मला ढकलतायत. त्यांनी माझ्या हातातली वाटी घेतली. एका हातानं छातीवर धरली, दुसरा तळवा वर झाकला. फेस गार होऊ नये म्हणून.

"कात्री द्या," मी म्हणालो.

लांब दाढी आधी कात्रीनं उतरवली. आईनं पेपर धरला. पांढरे केस पडत होते आणि ती ते गोळा करत होती, एकेक. मग गरम पाण्याचा रुमाल. मग त्यांच्या छातीवरच्या वाटीतनं फेस घेतला आणि गालाला लावला. थांबला. ओघळला नाही. सुकलाही नाही.

सिस्टर मास्क उचलायच्या, नळी लावायच्या, मी दोन हात मारायचो, मास्क परत. श्वास. परत दोन हात. एकदा आकडा इतका खाली गेला की मॅडम म्हणाल्या "थांबा", आणि आम्ही सगळे नुसते उभे. आण्णांचे डोळे वर गेले होते. मी रेझर हातात धरून उभा. एका गालावर फेस, एक गाल मोकळा. डोक्यात एकच, मी मारतोय ह्यांना. अर्धी दाढी ठेवून मारतोय. खाली ॲम्ब्युलन्सचा हॉर्न वाजला. खरंच वाजला. मॅडमनी खिडकीतनं खाली बघितलं आणि म्हणाल्या, "त्याला थांबायला सांगा."

आकडा चढला. थोडा. फेस अजून तसाच होता.

दुसरा गाल. ओठाच्या वर. ओठ थरथरत होते, त्या थरथरीबरोबर हात चालवायचा. हनुवटीला खळी होती. मला आठवतच नव्हती. मग गळा. तिथली कातडी लोंबलेली, आणि खाली शीर उडत होती. माझ्याच बोटांनी हनुवटी उचलली, कातडी ताणून धरली. पातं लावलं तेव्हा ते माझ्याकडं बघत होते. सरळ. मी बघितलं नाही त्यांच्याकडं. मी फेसाकडं बघितलं.

एक थेंब रक्त नाही.

मास्क बसवला. सिस्टरनी पट्टे ओढले. मी हात काढून घेतला आणि कान दिला.

काही नाही. नुसतं मशीन.

आकडा लगेच वर गेला नाही. सिनेमात जातो तसा नाही. मॅडम स्टूल ओढून बसल्या. आम्ही बघत राहिलो. ॲम्ब्युलन्सवाला वर येऊन विचारून गेला, न्यायचंय का नाही. मॅडम म्हणाल्या, जा तू. दुपार उलटता उलटता आण्णांनी डोळे उघडले आणि आईला खुणेनं विचारलं, जेवलीस का?

माझ्याशी काही बोलले नाहीत. त्या दिवशी नाही. मी व्हरांड्यात जाऊन बसलो आणि हात बघत बसलो. साबणाचा वास होता, स्वस्तातला, सगळीकडं.

मंगळवारी सकाळी मास्क परत जरासा कुरकुरायला लागला होता. रातीतनं खुंट आले होते. तेवढ्यात नवनाथमामा आला, घामाघूम, आणि त्याच्या मागं एक म्हातारे न्हावी. स्वच्छ पांढरी टोपी, काखेत पेटी.

"आणलं बघा दाजी," मामा म्हणाला. "तुम्ही म्हणाला व्हता ना, दुसरा कुणीबी आण. बार्शीतला नावाजलेला माणूस हाय. आता सुखानं करून घ्या."

म्हाताऱ्यांनी पेटी स्टुलावर ठेवली, उघडली, बाह्या सारल्या. मी उठून बाजूला झालो. खरं तर दाराकडंच निघालो होतो.

आण्णांनी मास्क स्वतःच्या हातानं खाली घेतला. सिस्टर "बाबा!" म्हणून ओरडल्या. त्यांनी हातानं थांबवलं.

"तुमाला... उगा तरास झाला," म्हाताऱ्यांना म्हणाले. श्वास घेतला. "च्या घिऊन जावा. आमच्यात... घरचा कारागीर हाय."

मामा माझ्याकडं बघायला लागला. मी उंबऱ्यातच उभा होतो. वळून बघितलं तर आण्णांनी डोळे मिटले होते आणि हनुवटी वर केली होती.